साठच्या ठेक्यावर रत्नागिरी

पुण्यात ड्रम्स, दुबईत बास, ठाण्यात आवाज आणि रत्नागिरीत आंब्याच्या पेट्यांमध्ये बसलेली गिटार! पन्नाशी गाठलेलं एक गाणं, चार मित्र आणि सात वर्षांचा अबोला...

ठाण्याला भल्या पहाटे जनशताब्दीत चढले तेव्हा माझ्याकडे तीनच गोष्टी होत्या. एक सॅक, एक हेडफोन आणि मोबाइलमध्ये ४३ एमबीची एक फाइल. फाइलचं नाव ‘गिटार फायनल खरंच फायनल’. ज्याने ती पाठवली होती, त्याच्याशी मी सात वर्षं धड बोललेले नव्हते आणि आता त्याच्याच घरी निघाले होते!

थांबा, नीट सांगते.

कॉलेजात असताना पुण्यात आमचा बँड होता. नाव विचारू नका, आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. आम्ही चौघं. ड्रम्स, बास, गिटार आणि गाणारी मी. २०१९च्या फेब्रुवारीत एका स्पर्धेच्या फायनलला चार दिवस उरले असताना आमचा गिटारवाला रत्नागिरीला गेला, तो आलाच नाही. त्याच्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. मला ते माहीत होतं. तरीही मी त्याला मेसेज केला, ‘तुझं नेहमी घरचंच काहीतरी असतं.’

त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. २०२१ मध्ये त्याचे बाबा गेले. मी चारदा मेसेज टाइप केला, चारदा खोडला. मग इतका उशीर झाला, की आता काय लिहायचं, हाच प्रश्न होऊन बसला. असे न पाठवलेले मेसेज तुमच्याकडेही असतीलच ना?

गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, आमच्या झोपलेल्या ग्रुपवर दुबईच्या बासवाल्याने एक ओळ टाकली, ‘विश यू वेअर हिअरला पन्नास वर्षं झाली. करूया?’ पिंक फ्लॉइडचा तो अल्बम १२ सप्टेंबर १९७५ला आला होता. स्पर्धेत आम्ही हेच गाणं करणार होतो. ड्रमरचा अंगठा आला. माझा अंगठा गेला. आणि दोन दिवसांनी रत्नागिरीहून तिसरा अंगठा आला. बस्स, ठरलं!

एकत्र, पण एकाच वेळी नाही

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, व्हिडिओ कॉल लावायचा आणि वाजवायचं! आम्हीही तेच केलं. पहिल्या रविवारी चौघं ऑनलाइन बसलो आणि पाच मिनिटांत जे काही झालं, त्याला गाणं म्हणणं म्हणजे पाप. ड्रमर म्हणे, गिटार मागे पडतेय. गिटारवाला म्हणे, ड्रम्स मागे पडतायत. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

याला म्हणतात लेटन्सी, म्हणजे आवाज निघाल्यापासून समोरच्याच्या कानात पोहोचेपर्यंतचा उशीर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर लांब उभ्या माणसाचा सूर तुमच्यापर्यंत यायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. तालात वाजवणाऱ्यांना साधारण इतकंच अंतर चालतं. त्यापुढे जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहतो आणि लय हळूहळू बसायला लागते. मुंबई ते दुबई फायबरमधून जायला प्रकाशाला खरं तर दहाएक मिलिसेकंदच लागतात. पण वाटेतली वळणं, राउटर, घरातलं वाय-फाय आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा विचार करण्याचा वेळ धरला, की आकडा सहज शंभराच्या पुढे जातो.

त्यामुळे इंटरनेटवर ‘एकत्र’ वाजवणारे बहुतेक लोक एकाच वेळी वाजवतच नाहीत. ते एकामागून एक वाजवतात. आधी ठरतो क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक. आम्ही मिनिटाला ६० ठोके ठरवले, भिंतीवरच्या घड्याळासारखे. त्यावर एकजण कच्चा ट्रॅक वाजवतो. दुसरा तो हेडफोनमध्ये ऐकून त्यावर आपला वाजवतो, तिसरा त्या दोघांवर. सगळ्या फाइल्स एका माणसाकडे जमा होतात आणि तो त्या एकाखाली एक लावून मिक्स करतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची पाच मिनिटांची एक मोनो फाइल साधारण ४३ एमबी होते. माझ्या मोबाइलमध्ये होती, तेवढीच!

हा फंडा तसा नवा नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोघांनी, एक लॉस एंजेलिसला आणि एक सिएटलला, पोस्टाने एकमेकांना ट्रॅक पाठवत अख्खा अल्बम केला आणि बँडचं नावच ठेवलं ‘द पोस्टल सर्व्हिस’. ‘प्लेइंग फॉर चेंज’च्या मार्क जॉन्सनने २००५ मध्ये सँटा मोनिकाच्या रस्त्यावर रॉजर रिडली या गायकाला ऐकलं, रेकॉर्ड केलं आणि तो ट्रॅक घेऊन देशोदेशीच्या वादकांकडे फिरला. त्यातून झालेला ‘स्टँड बाय मी’चा व्हिडिओ २००८ मध्ये आला आणि जगभर पाहिला गेला. आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर क्वीननेसुद्धा आपापल्या घरून वाजवून ‘यू आर द चॅम्पियन्स’ काढलं. तीच क्वीन, जिचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथल्याच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा.

तर आमची गाडी अशी सुरू झाली. पुण्याहून क्लिक आला, दुबईहून बास आला, रत्नागिरीहून गिटार आली. अडकला तो माझा आवाज.

ठाण्यात कपाटात कपड्यांमध्ये डोकं खुपसून मी अकरा टेक दिले. कधी कुकरची शिट्टी, कधी वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन. पण खरं कारण वेगळंच होतं. गिटारच्या फाइलमध्ये वाजवायला सुरुवात होण्याआधी त्याचा आवाज होता. ‘एक, दोन, तीन, च्...’ कॉलेजपासून हा पठ्ठ्या ‘चार’ कधी पूर्ण म्हणत नाही, अर्धा गिळतो. तो गिळलेला ‘चार’ ऐकला, की दर वेळी माझा गळा बसायचा.

शेवटी फोन केला. ‘‘रत्नागिरीला येऊन गाऊ का?’’

तिकडे जरा वेळ शांतता. मग, ‘‘ये. फवारणी चालू असेल, आवाज असेल.’’

एवढंच. सात वर्षांनी!

करबुड्याच्या पोटात

कोकण रेल्वेचा प्रवास ज्यांनी केलाय, त्यांना बोगद्यांचा खेळ माहीत आहे. नेट आलं, गेलं, आलं, गेलं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, या मार्गावरचा सर्वांत लांब. त्याच्या तोंडाशी मी त्याला ‘पोचतेय’ असं लिहिलं आणि आत शिरल्यावर मेसेजशेजारचं ते छोटं घड्याळ तसंच राहिलं. खरं सांगते, तो जाऊच नये असं वाटत होतं. पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरावं, असाही विचार आला. पण जनशताब्दी काही आपल्या मूडप्रमाणे थांबत नाही.

स्टेशन गावापासून चांगलंच लांब. रिक्षाने शहर ओलांडून भाट्याच्या पुलावर आलो आणि एकदम डोळे उघडले. डावीकडे काजळी नदीची खाडी, उजवीकडे अरबी समुद्र, पलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन. पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं, की जांभ्या दगडाचे गडगे आणि त्यामागे हापूसची कलमं.

काकू अंगणातच उभ्या होत्या. ‘‘काय गो, किती वाळलीस! मुंबईत जेवायला देत नाहीत काय?’’ जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. तो मागच्या बाजूने आला. पायात गमबूट, तोंडाला बांधलेला रुमाल, हातात फवाऱ्याची नळी. आम्ही दोघांनी एकाच वेळी ‘हाय’ म्हटलं, एकाच वेळी थांबलो. इथेही लेटन्सी!

पेंढ्यातला स्टुडिओ

त्याचा स्टुडिओ पाहून मी उडालेच. घरामागची आंब्याची खोली. मे महिन्यात इथे पेंढ्यात अढी लागते, आंबे पिकायला ठेवतात. डिसेंबरात खोली रिकामी. भिंतीला रिकाम्या लाकडी पेट्यांची चवड, त्यात पेंढा ठासलेला, दारावर दोन गोधड्या. मध्ये एका उलट्या पेटीवर लॅपटॉप आणि माइक.

‘‘पेंढा आवाज खातो,’’ तो म्हणाला. ‘‘पुण्यात असताना फोमला पैसे नव्हते, इथे फोमची गरजच नाही.’’

मी टाळी वाजवून पाहिली. खरंच, टाळीमागे काहीच उरलं नाही.

दीडशे कलमं आणि आई, असा त्याचा सध्याचा संसार. मोहोर फुटायचे दिवस, त्यात तुडतुडे पडले तर वर्षाचं पीक हातचं जातं. त्यामुळे पंप थांबला, की रेकॉर्डिंग आणि पंप सुरू झाला, की चहा, असं वेळापत्रक. त्याचे बाबा नमनात मृदंग वाजवायचे. तो मृदंग खुंटीला होता, कापडात गुंडाळलेला. मी त्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो केबल शोधायला लागला.

दुपारी कुळथाची पिठी-भात जेवताना काकूंनी विषय काढला. ‘‘तुमचं ते गाणं चौघं चार ठिकाणी बसून करता म्हणे? आमच्याकडे शिमग्याला हेच. अर्धं नमन मुंबईत तयार व्हायचं. चाकरमानी तिकडे चाळीत तालीम करायचे, हे इकडे. पालखीला आले, की एकदम उभे राहायचे. चुकायचे नाहीत कधी.’’

बघा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कोकणातल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलंय. एक माणूस मुंबईच्या गिरणीत, बाकीचं घर इथे. मधे मनिऑर्डर आणि पोस्टकार्ड. माणूस नसला तरी गणपतीत त्याची आरतीतली जागा ठरलेली. दूर राहून एका तालात राहणं इथल्या लोकांना कोणत्या ॲपने शिकवलेलं नाही.

राजाची खिडकी

संध्याकाळी पंपामुळे काही जमेना, म्हणून शहरात परतून थिबा पॉइंटला गेलो. खाली भाट्याची खाडी, समोर समुद्र आणि सूर्य बुडायला आलेला. जवळच थिबा पॅलेस.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. (दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी आधीच रंगूनला पाठवलं होतं. म्हणजे राजांची अदलाबदलच!) हा वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. तीस वर्षं घरापासून लांब. त्याची समाधीही इथेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. राजाची नात टूटू मात्र रत्नागिरीचीच झाली. ती इथेच राहिली, मराठी बोलली आणि २००० मध्ये इथेच गेली.

कठड्यावर बसून आम्ही दोघं गाण्याबद्दल बोललो. स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. हे गाणं ज्याच्या आठवणीशी जोडलं गेलंय, तो सिड बॅरेट पिंक फ्लॉइडच्या संस्थापकांपैकी एक. मानसिक तब्येत ढासळल्यावर १९६८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. याच अल्बमचं काम चालू असताना, ५ जून १९७५ला तो अचानक ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंगाने सुटलेला. जुन्या मित्रांना तो आधी ओळखूच आला नाही!

‘‘सुरुवात आठवतेय?’’ त्याने विचारलं. ‘‘पहिली गिटार रेडिओवर लागल्यासारखी बारीक येते. मग दुसरी गिटार जवळून, स्पष्ट. जणू एक पोरगा आपल्या खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतोय. लांबचा वाजवतो, जवळचा ऐकून साथ देतो. आपण आत्ता काय वेगळं करतोय?’’

मी काहीच बोलले नाही. याच बँडमध्ये पुढे रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मूर यांचं इतकं फाटलं, की १९८१ नंतर चौघं एका मंचावर आले ते थेट २ जुलै २००५ला, लंडनच्या लाइव्ह एट कार्यक्रमात. तेव्हा त्यांनी हे गाणं वाजवलं आणि वॉटर्सने मंचावरून सिडची आठवण काढली. चोवीस वर्षं! आमची तर सातच. पण तेवढं म्हणायलाही तोंड उघडेना.

चौथा टेक

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप थांबला. एकच हेडफोन, एकच माइक. त्यामुळे गाताना मी आत एकटी आणि तो गोधडीच्या पलीकडे पायरीवर. म्हणजे ठाण्याहून इतक्या लांब येऊनही रेकॉर्डिंग एकटीनेच करायचं!

‘‘दुसऱ्या कडव्यात नीट ऐक,’’ तो दारातून म्हणाला. ‘‘मी तिथे कमी वाजवलंय. तुझ्यासाठी.’’

ऐकलं. खरंच, तिथे गिटार जवळजवळ थांबते. नुसता एखादा सूर आणि मग मोकळं. कॉलेजात मी त्या ठिकाणी आवाज जरा लांबवायचे आणि दर वेळी त्याच्या गिटारवर आदळायचे, त्यावरून आमची भांडणं व्हायची. आपल्याकडे गाणारे लोक ‘जागा घेणं’ म्हणतात. याने जागा सोडली होती. मी गाणार की नाही, हे माहीत नसताना!

पहिला टेक बेसूर. दुसऱ्यात कावळा. तिसऱ्यात मीच थांबले. चौथ्याला क्लिक सुरू झाला, ‘एक, दोन, तीन, च्...’ आला आणि मी गायलेच नाही. माइक चालू होता. गिटार माझ्या कानात वाजत होती आणि मी म्हटलं, ‘‘त्या मेसेजबद्दल सॉरी रे. तू आधार मागत होतास आणि मी फायनल मागत होते. काका गेले तेव्हाही फोन केला नाही. लाज वाटत होती, म्हणून नाही केला.’’

त्याच्या कानात यातलं काहीच जात नव्हतं. गोधडी आणि पेंढा, दोघांनी आवाज खाल्ला. मी ट्रॅक सेव्ह केला. पाचव्याला गायले, एका दमात.

रात्री मी काकूंबरोबर तांदूळ निवडत बसले होते. तो आतल्या खोलीत हेडफोन लावून टेक ऐकत होता. बराच वेळ. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण फवारणीनेही होतात म्हणा!

‘‘पाचवा चांगलाय,’’ तो म्हणाला. ‘‘पुण्याला तोच पाठवतो.’’ मग पाणी प्यायला, पेला धुऊन पालथा घातला. ‘‘चौथा मी ठेवलाय. तो पाठवणार नाही.’’

काकू म्हणाल्या, ‘‘चौथ्यात काय होतं?’’

‘‘गाणं नव्हतं,’’ तो म्हणाला आणि खुंटीवरचा मृदंग काढून त्याचं कापड सोडायला लागला.

मिक्स व्हायला अजून दोन आठवडे लागले. ते आम्ही कुठे टाकलं नाही. कव्हर सॉन्गचे हक्क, परवानग्या ही सगळी वेगळी भानगड आहे आणि तसंही ते चौघांसाठीच होतं. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास लांबून एक मृदंग येतो, अगदी हलका. मूळ गाण्यासाठी स्टेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाने वाजवलेलं व्हायोलिन असंच आत दबून राहिलं होतं. तो टेक लोकांना नीट ऐकायला मिळाला २०११ मध्ये. आमचा मृदंग तुम्हाला कदाचित ऐकू येणार नाही. आम्हाला येतो.

परतताना गाडी करबुड्यात शिरली. नेट गेलं. मी हेडफोन लावला आणि ४३ एमबीची ती फाइल सुरू केली. एक, दोन, तीन, च्...

डबा अर्धा रिकामा होता. मी गायले.

जाणार असाल तर...

कसं जाल? कोकण रेल्वेच्या अनेक गाड्या रत्नागिरीला थांबतात. रस्त्याने मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला शहराकडे वळायचं.

काय पाहाल? थिबा पॅलेस (आत संग्रहालय आहे, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या), थिबा पॉइंटचा सूर्यास्त, रत्नदुर्ग आणि भगवतीचं देऊळ, टिळकांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनी उभारलेलं १९३१चं पतितपावन मंदिर, मांडवीची काळी वाळू. वेळ असेल तर आरे-वारेच्या समुद्राकडेने गणपतीपुळे.

केव्हा? हापूस खायचा तर एप्रिल-मे. मोहोराचा वास घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारी.

काय न्याल? हेडफोन. आणि एखादा न पाठवलेला मेसेज असेल, तर तोही.